व्हॅन गॉगची 'ला मुस्मे' : एका लहान मुलीचं व्यक्तिचित्र कसं बघावं?

रंगवही

व्हॅन गॉगची सूर्यफुलं सगळ्यांच्या ओळखीची. त्याच्या व्यक्तिचित्रांकडे मात्र पटकन नजर जात नाही, त्यातही लहान वयाच्या मुलामुलींच्या. म्हणून हा धागा एकाच चित्रापुरता: 'ला मुस्मे'. जुलै १८८८, दक्षिण फ्रान्समधलं आर्ल. कॅनव्हासवर तैलरंग, उंची ७३.३ आणि रुंदी ६०.३ सेंटिमीटर. चेस्टर डेल यांच्या संग्रहातून १९६३ साली ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टकडे आलं.

प्रोव्हान्सची, म्हणजे आर्ल ज्या प्रांतात आहे तिथली, एक मुलगी वाकवलेल्या लाकडाच्या हातखुर्चीत बसली आहे. अंगात उभ्या पट्ट्यांचं घट्ट जाकीट, खाली मोठ्या ठिपक्यांचा निळा घेरदार झगा, हातात फुलांची डहाळी. मागे फिकट हिरवा रंग आणि बस. खिडकी नाही, भिंतीचा कोपरा नाही, जमिनीची रेघसुद्धा नाही.

या चित्राचे रंग व्हॅन गॉगने भाऊ थिओ आणि मित्र एमिल बर्नार यांना पत्रांतून जवळजवळ यादी करून कळवले आहेत. पार्श्वभूमी पांढरी, पण तीत व्हेरोनीज हिरव्याची भरपूर झाक. जाकीट रक्तासारखं लाल आणि जांभळं. झगा राजनिळा, त्यावर नारिंगी-पिवळे ठिपके. त्वचा करडट पिवळी, केस जांभळट. आता ही यादी जोड्या लावून वाचा: लाल आणि हिरवा, निळा आणि नारिंगी, पिवळा आणि जांभळा. पूरक रंगांच्या, म्हणजे रंगचक्रात समोरासमोर येणाऱ्या रंगांच्या, तिन्ही जोड्या एकाच चित्रात आल्या.

चित्राची खरी गोम पुढे आहे. पहिल्या दोन जोड्या त्याने पूर्ण ताकदीने लावल्या: जाकीट पार्श्वभूमीशी भिडतं, ठिपके झग्याशी भिडतात. तिसरी जोडी, म्हणजे चेहरा आणि केस, तिथे मात्र त्याने दोन्ही रंग करड्यात मुरवून टाकले. सगळा गलबला मानेच्या खाली आणि चेहऱ्याच्या भोवती. चेहरा स्वतः शांत. आपली नजर आधी पट्ट्यांवर, मग ठिपक्यांवर जाते आणि विसावते ती चेहऱ्यावर. मुलीचा बुजरेपणा म्हणा, गंभीरपणा म्हणा, आपल्याला जाणवतो तो या रंगयोजनेतून. भुवया-ओठांच्या हावभावातून तो दाखवलेला नाही.

इतरांनी भर घालावी: रंगद्रव्यं, जपानी छापचित्रं, अभ्यासासाठी प्रत करणं, काहीही चालेल.

चौकट

उत्तम सुरुवात. डोळ्यांबद्दल एक भर. पत्रात डोळे नारिंगी आणि प्रशियन निळे असे दिले आहेत, म्हणजे झग्यातली जोडी डोळ्यांत अगदी बारीक प्रमाणात परत आली. चित्राची मोठी प्रतिमा उघडून आधी झग्यावरचा एक ठिपका बघा आणि लगेच डोळ्यावर जा. चेहरा शांत असून निर्जीव का वाटत नाही, ते तिथे कळतं.

दुसरं, मापाबद्दल. ७३ × ६० हे आकडे योगायोगाने आलेले नाहीत. फ्रान्समध्ये तयार चौकटी ठरलेल्या क्रमांकांनी विकल्या जात आणि व्यक्तिचित्राची २० क्रमांकाची चौकट बरोबर ७३ × ६०ची. कॅनव्हास आणि रंग थिओमार्फत पॅरिसहून यायचे, बरेचसे तासे ए लोत या दुकानातून. पुस्तकात छापलेलं चित्र तळहाताएवढं असतं, त्यामुळे चेहरा केवढा आहे याचा अंदाजच येत नाही. भिंतीवर ७३ × ६०चा कागद चिकटवून त्यासमोर दोन मीटरवर उभं राहून बघा. अर्धपुतळ्याच्या ऐवजी जवळजवळ गुडघ्यापर्यंतची आकृती या मापात बसवायची, तर डोकं बरंच लहान ठेवावं लागतं. अशा लहान डोक्याकडे नजर ओढायची असेल तर रंगवहींनी सांगितलेली युक्ती लागतेच.

पूर्वरंग

नावाविषयी. 'मुस्मे' हे जपानी 'मुसुमे'चं फ्रेंच रूप. अर्थ मुलगी, लेक. फ्रेंचमध्ये हा शब्द रुळला तो प्येर लोती यांच्या १८८७च्या 'मादाम क्रिझांतेम' या कादंबरीमुळे. व्हॅन गॉगने ती आर्लमध्ये वाचली आणि थिओला पत्रात शब्दाचा अर्थही सांगितला: बारा ते चौदा वर्षांची जपानी मुलगी, इथे प्रोव्हान्सची. बर्नारच्या पत्रात तो वय बारा सांगतो. मुलीचं नाव कुठेच नोंदलेलं नाही.

हे मला खटकतं आणि ते सांगायला हवं. समोर बसलेल्या खऱ्या मुलीला त्याने कादंबरीतल्या दूरदेशीच्या शब्दाने ओळखलं. जपान त्याने कधी पाहिला नव्हता. आर्लमधला लख्ख उजेड हाच आपला जपान, असं तो मानत होता. पण चित्र बघताना हेही दिसतं की किमोनो, पंखा, छत्री असला कुठलाच जपानी साज त्याने तिला चढवलेला नाही. कपडे तिथलेच. जपान आहे तो मांडणीत: सपाट मोकळी पार्श्वभूमी, ठळक बाह्यरेषा, छायेशिवाय रंगाचे सलग तुकडे, आणि कापडावरच्या नक्षीला चेहऱ्याइतकाच मान. थिओ आणि त्याने पॅरिसमध्ये जपानी छापचित्रांचा मोठा संग्रह केला होता, आणि १८८७ साली त्याने हिरोशिगेच्या छापांवरून तैलरंगात प्रती केल्या होत्या. तो सराव इथे मुरलेला दिसतो.

नवखा_प्रेक्षक

एक शंका. हे चित्र उत्तर-दृकप्रत्ययवादी (पोस्ट-इम्प्रेशनिस्ट) म्हणतात, ते कशामुळे? मोने-रन्वारही असेच शुद्ध रंग वापरत होते ना?

पूर्वरंग

@नवखा_प्रेक्षक, शब्द नंतरचा आहे. इंग्रज कलासमीक्षक रॉजर फ्राय यांनी १९१० साली लंडनच्या ग्राफ्टन गॅलरीत भरवलेल्या प्रदर्शनापासून तो प्रचारात आला. व्हॅन गॉग तेव्हा जाऊन वीस वर्षं झाली होती.

फरक पार्श्वभूमीतच बघा. मोने-रन्वारसारख्या दृकप्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकाराने विचारलं असतं: या खोलीतला उजेड या घटकेला कसा आहे? चेहऱ्यावर खिडकीचा निळसर प्रकाश आला असता, झग्यावर झाडांच्या सावल्या. इथे उजेडाची दिशाच नाही, आणि खुर्चीची भिंतीवर सावली पडत नाही. हिरवा रंग जाकिटाला उठाव द्यायचा म्हणून निवडलेला आहे. रंग डोळ्याला दिसला म्हणून आला की चित्राला हवा म्हणून आला, भेद तिथे.

जवसतेल

व्हेरोनीज हिरव्याबद्दल लिहितो, कारण प्रत करणारे हमखास इथे फसतात.

फ्रेंच 'व्हेर व्हेरोनेज' म्हणजे तांबं आणि आर्सेनिक यांच्यापासून बनलेला, विषारी, थंड, झगझगीत हिरवा. इंग्रजीत त्यालाच 'एमराल्ड ग्रीन' म्हणतात. आणि फ्रेंच 'व्हेर एमरोद', ज्याचा शब्दशः अर्थ पाचूचा हिरवा, तो मात्र इंग्रजीतला 'व्हिरिडियन'. म्हणजे नावं उलटसुलट. पत्राचं भाषांतर वाचून कोणी व्हिरिडियनची ट्यूब उचलली की पार्श्वभूमी बाटलीसारखी खोल आणि काळपट होते. चित्रातला हिरवा दुधाळ आहे.

खरा आर्सेनिकचा रंग आज वापरू नये. आज 'एमराल्ड' नावाने मिळणाऱ्या ट्यूबमध्ये बहुधा फ्थॅलो हिरवा आणि पांढरा असतो. तो घरी मिसळलेला बरा: बोटाच्या दोन पेरांएवढा पांढरा, वाटाण्याएवढा लेमन पिवळा आणि टाचणीच्या डोक्याएवढा फ्थॅलो हिरवा. फ्थॅलो नेहमी पांढऱ्यात घालत जावा, पांढरा फ्थॅलोत नाही. त्याची रंगवण्याची ताकद इतकी जबर आहे की उलट केलं तर अर्धी पांढऱ्याची ट्यूब संपते आणि तरी रंग फिका होत नाही.

नवखा_प्रेक्षक

धन्यवाद, दोन्ही प्रतिसाद फार उपयोगी. आणखी एक: पत्रात पट्टे जांभळे आहेत, पण मी बघतोय त्या छापील चित्रात ते निळ्याकडे झुकलेले वाटतात. छपाईचा दोष का?

जवसतेल

छपाई एक कारण आहेच. लाल-जांभळा पट्टा चार रंगांच्या छपाईत नेहमी मार खातो. पण व्हॅन गॉगच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याच्या रंगांच्या मागण्यांत 'जेरेनियम लेक' वारंवार येतो. हा लाल रंग इओसिन नावाच्या रंजकापासून बनतो आणि उजेडात उडतो. निळ्यात हा लाल मिसळून जांभळा केला असेल, तर वर्षांनुवर्षांच्या उजेडाने लाल जातो आणि निळा मागे राहतो. त्याच्या 'शयनगृह' या चित्रात हे तपासणीने दिसून आलं आहे: आज निळ्या दिसणाऱ्या भिंती मुळात जांभळट होत्या. वॉशिंग्टनच्याच संग्रहातले १८९०चे पांढरे गुलाब मुळात गुलाबी होते.

त्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. एप्रिल १८८८च्या पत्रात तो लिहितो की हे नवे रंग टिकाऊ नाहीत, म्हणून ते धीटपणे आणि कच्चेच लावावेत. काळ त्यांना नको तितका मवाळ करीलच. म्हणून या काळातलं त्याचं कुठलंही चित्र बघताना पत्रातली रंगांची यादी शेजारी ठेवावी आणि मनातल्या मनात लाल थोडा वाढवून बघावा.

कुंचलेवाली

अभ्यासासाठी प्रत करणाऱ्यांसाठी क्रम लिहिते. पूर्ण मापाऐवजी निम्म्या मापाने, ३६ × ३० सेंमी, सुरुवात करावी. नॅशनल गॅलरीच्या संकेतस्थळावरून मोठ्या आकाराची प्रतिमा फुकट उतरवून घेता येते. पुस्तकाचा फोटो काढून वापरू नये.

रंग थोडेच लागतात: टायटॅनियम पांढरा, लेमन पिवळा, यलो ओकर, कॅडमियम नारिंगी, कॅडमियम लाल, अलिझरिन (पर्मनंट जातीचा, साधा उडतो), अल्ट्रामरीन, प्रशियन निळा, फ्थॅलो हिरवा. काळा घेऊ नका. कुंचले डुकराच्या केसांचे चपटे, ४ आणि ८ क्रमांकाचे, आणि रेषेसाठी एक गोल २ क्रमांकाचा.

रेखाटन टर्पेन्टाइनने पातळ केलेल्या प्रशियन निळ्याने करावं. पेन्सिलीचा शिसा वरच्या फिकट रंगात मिसळून चेहरा मळकट करतो. खुर्चीची कमान आणि खांद्यांची उतरण आधी पक्की करावी. तिथे चूक झाली तर मुलगी खुर्चीत बसल्यासारखी न वाटता खुर्चीवर चिकटवल्यासारखी वाटते.

मग पार्श्वभूमी. चेहरा नाही, आधी पार्श्वभूमी! करडट पिवळी त्वचा पांढऱ्या कॅनव्हासवर नेहमी गडद भासते. मग हात आपोआप पांढऱ्याकडे जातो आणि नंतर हिरवा लावल्यावर चेहरा खडूसारखा फटफटतो. पार्श्वभूमीचे फटकारे आडवे आणि उभे, चटई विणल्यासारखे एकमेकांत जाणारे. गुळगुळीत सारवलेली पार्श्वभूमी भिंत होऊन बसते. विणीमुळे तिथे हवा राहते.

त्वचा: पांढरा चार भाग, ओकर एक भाग, आणि पार्श्वभूमीचाच हिरवा अर्धा भाग, वर कॅडमियम लालचा नखाच्या टोकाएवढा ठिपका. पार्श्वभूमीचा हिरवा त्वचेत घातल्याशिवाय चेहरा त्या हवेत बसत नाही.

जाकिटाचे पट्टे पट्टीने आखू नका. पट्टा छातीवर किंचित फुगतो, कमरेशी आत येतो, खांद्यावर मागे वळतो. छाया जवळजवळ नसल्यामुळे शरीराची गोलाई दाखवायचं सगळं काम या वळणांवर आहे. सरळ रेघा मारल्या की जाकीट गादीच्या खोळीसारखं सपाट होतं. आधी सगळे लाल पट्टे ओढून, मधल्या मोकळ्या जागेत जांभळे भरावेत. दोन ओल्या रंगांच्या कडा घासू देऊ नयेत.

ठिपके सगळ्यात जास्त बिघडतात. ओल्या निळ्यावर नारिंगी घासला की तपकिरी चिखल होतो, कारण पूरक रंग मिसळले की एकमेकांना मारतात. दोन उपाय आहेत. एक, निळा भरतानाच ठिपक्यांची जागा कोरी सोडायची. दोन, निळा तीन-चार दिवस सुकू द्यायचा आणि भरलेला कुंचला एकदाच टेकवून उचलायचा. दुसऱ्यांदा त्याच जागी जायचं नाही.

शेवटी बाह्यरेषा, गडद निळी, आणि तीही सलग एका जाडीची नको.

बोरू

कुंचलेवालींच्या क्रमाला पूर्ण अनुमोदन. मी यात एक पायरी आधी घालीन: रंगाला हात लावण्यापूर्वी शाईतलं रेखाटन.

हे चित्र झाल्यावर व्हॅन गॉगने त्याच्यावरून शाईतही रेखाटन केलं. जॉन रसेल या ऑस्ट्रेलियन चित्रकार मित्राला पाठवलेल्या रेखाटनांत मुस्मे आहे. ही रेखाटनं काढायला त्याच्याकडे होता आपला बोरूच. आर्लच्या पाणथळीत चांगले बोरू मिळत आणि तो ते हंसाच्या पिसाच्या लेखणीसारखे तासून घेई. बोरूत शाई फार मावत नाही, त्यामुळे रेघ जाड सुरू होते आणि थोड्या अंतरावर सुकत जाते. सलग करडी छटा काढताच येत नाही. मग रंगाच्या जागी खुणांचे प्रकार येतात: कुठे ठिपके, कुठे आखूड रेघा, कुठे मोकळा कागद. कुठल्या भागात किती गजबज हवी, याचा हिशेब आधीच पक्का होतो.

करून बघायचं असेल तर करंगळीएवढा जाड, पूर्ण वाळलेला बोरू घ्या. टोकाला दीड-दोन सेंमी लांबीचा तिरका छेद, दोन्ही बाजू तासून टोक तीन मिलिमीटरवर आणा, मधोमध सेंटिमीटरभर चीर द्या, आणि टोक कठीण जागेवर ठेवून आडवं छाटा. चीर दिली नाही तर शाई एकदम गळते. हिरवट बोरू असेल तर दोन ओळींत टोक मऊ पडतं.

चौकट

हातांवर मतभेद नोंदवतो. चेहऱ्याच्या मानाने हात कच्चे वाटतात, बोटं घडवलेलीच नाहीत. व्हॅन गॉगने पत्रात दोन्ही हात चित्रात असल्याचा मुद्दाम उल्लेख केलाय, म्हणजे त्याला ते महत्त्वाचे होते. मग असे का सोडले?

कुंचलेवाली

चौकट, मला तो कच्चेपणा वाटत नाही. घाईचं चित्र नव्हे हे. थिओला तो सांगतो की यात पूर्ण आठवडा गेला, तब्येतही ठीक नव्हती, आणि हे नीट पुरं व्हावं म्हणून त्याने मधे निसर्गचित्रं केली नाहीत. याच माणसाने त्या नोव्हेंबरात 'आर्लेझियेन' (आर्लच्या एका बाईचं व्यक्तिचित्र) तासाभरात उरकल्याचं लिहिलं आहे. आठवडाभर बसलेल्या माणसाला बोटं घडवायला वेळ मिळाला नाही असं कसं म्हणणार?

बोटं पूर्ण उठावात काढली असती तर लाल पट्टे आणि नारिंगी ठिपके यांच्या मधोमध आणखी एक आकर्षण तयार झालं असतं आणि चेहऱ्याचा हक्क गेला असता. हात फिके ठेवल्याने चेहऱ्याचा फिका रंग खाली एकदा परत येतो, आणि फुलं हातापेक्षा जास्त बोलतात. बोटाने हात झाकून बघा: हात झाकला की झग्याचा निळा जड होऊन खाली ओढतो.

चौकट

झाकून बघितलं. वजनाचा मुद्दा पटला. बोटांबद्दल माझं मत कायम.

माळीबुवा

हातातल्या डहाळीबद्दल कोणी लिहिलं नाही. पत्रात स्पष्ट आहे: 'लोरिये-रोझ', म्हणजे आपली कण्हेर. गणपतीच्या पत्रीतली करवीर ती हीच. पिवळी कण्हेर ऊर्फ बिट्टी वेगळी, तिचा इथे संबंध नाही. आर्लच्या बागांतली गुलाबी कण्हेर धरावी.

प्रत करणाऱ्यांसाठी: कण्हेरीची पानं लांब, भाल्यासारखी, आणि एका पेऱ्यावर साधारण तीन-तीन येतात. मधली शीर ठळक आणि फिकट. साधं फूल पाच पाकळ्यांचं आणि पाकळ्या चक्रासारख्या एका बाजूला कललेल्या. इंटरनेटवरच्या बऱ्याच प्रतींत इथे गुलाबाची कळी काढलेली दिसते. ते चूक आहे. समोर ठेवायला डहाळी तोडली तर चिकाने हात माखू देऊ नका, नंतर साबणाने धुवा, आणि घरात लहान मुलं-गुरं असतील तर उरलेली पानं इकडेतिकडे टाकू नका. झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे.

पूर्वरंग

माळीबुवा, फार मोलाची भर.

तुलनेसाठी एक चित्र सुचवतो. सेझानचा 'लाल बंडीतला मुलगा', १८८८ ते १८९०, त्याच नॅशनल गॅलरीच्या संग्रहात. म्हणजे दोन्ही चित्रं एकाच काळातली, एकाच संग्रहालयातली. सेझानने या मॉडेलची, मायकेलँजेलो दि रोझा या इटालियन तरुणाची, चार तैलचित्रं केली. फार लांब हात असलेलं प्रसिद्ध चित्र झुरिकच्या ब्यूर्ले संग्रहातलं. वॉशिंग्टनच्या चित्रात मुलगा कमरेवर हात ठेवून उभा आहे.

दोन्हीकडे लाल कापड आणि कोवळं वय. पण सेझानच्या लालात छटा बदलत-बदलत बंडीचे पैलू पडतात, रंगानेच आकार बांधला जातो. व्हॅन गॉग लाल पट्टा बाजूच्या रंगाशी भिडवतो आणि सोडून देतो. सेझानचा मुलगा मागच्या पडद्याच्या वळणांत मिसळून जातो. मुस्मे पार्श्वभूमीवर कापून ठेवल्यासारखी वेगळी राहते. गॅलरीत प्रवेश विनामूल्य आहे. अमेरिकेत असलेल्यांनी एकाच दिवशी दोन्ही बघावीत, आधी सेझान.

रंगवही

घरी बसून बघणाऱ्यांसाठी आणखी एक प्रयोग. प्रतिमा मोबाइलवर करड्या छटांत बदला. चेहरा आणि पार्श्वभूमी एकमेकांच्या बऱ्याच जवळ येतात. म्हणजे चेहरा उजेड-अंधाराने वेगळा केलेला नाही, रंगाने आणि रेषेने केला आहे. मग रंग परत आणा. पहिल्या सेकंदाला काय उठून येतं ते लक्षात ठेवा.

नवखा_प्रेक्षक

करून बघितलं, चेहऱ्याची कड खरंच मऊ पडली. रविवारपासून निम्म्या मापाची प्रत सुरू करतोय. मुंबईत सध्या पाऊस आहे, निळा तीन-चार दिवसांत सुकेल का?

जवसतेल

नाही. दमट हवेत जवसाचं तेल हळू सुकतं, अल्ट्रामरीन तर मुळातच रेंगाळतो. आठ-दहा दिवस धरा, आणि निळा जाड लावला असेल तर त्याहून जास्त. निळ्यात वेगळं तेल घालू नका, थोडा टर्पेन्टाइन पुरे. बोट टेकवून निळा लागत नाही ना, ते झग्याच्या कोपऱ्यात तपासा. चौकट भिंतीला टेकवून ठेवू नका, कॅनव्हासच्या मागे बुरशी धरते. चार बोटं अंतर ठेवून पंख्याच्या वाऱ्यात उभी करा. इतकं थांबायचं नसेल तर कुंचलेवालींचा पहिला उपाय: ठिपक्यांची जागा कोरी सोडा. त्या जागा थोड्या मोठ्याच सोडा, कारण निळा भरताना कडा आत सरकतात आणि ठिपके शेवटी वाटाण्याएवढे होतात.